जुना बाबा आणि बाजाराचा वार

कस्तुराबाईला सासरच्या पाच पिढ्यांची नावं तोंडपाठ होती, आणि त्यातलं एकही नाव तिने उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं.

यात तिला स्वतःला काहीच अवघड वाटत नसे. नवऱ्याचं, सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, हे ती सोळाव्या वर्षी खैरपाणीला नांदायला आली तेव्हाच शिकली. आता तिला सत्तरच्या वर दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा सुकलाल जाऊन नऊ वर्षं झाली, सासू-सासरे तर केव्हाच गेले. नाव घेतलं तर टोकायला कोणी उरलं नव्हतं. पण टोकायला कोणी नाही म्हणून सोडून द्यावी अशी तिची शिस्त नव्हती. लोक तिला हट्टी म्हणत. तिला ते ऐकायला आवडायचं.

खैरपाणी हा सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा लोकांचा पाडा. चोपड्याकडून येणारी डांबरी सडक जिथे संपते तिथून दोन कोस आत. इथल्या जुन्या माणसांची नावं ठेवायची रीत अगदी सोपी होती. मूल ज्या वारी जन्मलं, त्या वाराचं नाव त्याला. रविवारचा दित्या, सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगल्या, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा शुक्र्या. बारसं नाही, पोथी नाही, भटजी नाही. अडचण एवढीच की वार सात आणि माणसं शेकडो. एका हाकेला चार घरांतून चौघं ओ देत.

कस्तुराबाईचं खरं राज्य चालायचं ते नवाईच्या दिवशी. शेतातलं नवं धान्य घरात आलं की खाण्याआधी घरातले पुरुष अंगणात बसत, मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडत आणि गेलेल्या एकेका पूर्वजाचं नाव घेत. नाव घेतलं नाही तर तो उपाशी राहतो, असं मानतात. पण पुरुषांची आठवण आजोबापर्यंत आली की तिचं घोडं अडायचं. मग बायकांच्या रांगेतून कस्तुराबाई सावकाश म्हणायची, नदीच्या पुरात बैल सोडवायला गेले होते ते राहिले की. मग एखाद्या म्हाताऱ्या पुरुषाला नाव आठवायचं, धार पडायची. दोन नावांनंतर पुन्हा शांतता. मग ती म्हणायची, पावा वाजवायचे ते. असं करत करत पाचव्या पिढीपर्यंत पोचत. धार सोडणारे हात पुरुषांचे होते, पण पूर्वज कोणाच्या भरवशावर जेवत होते हे सगळ्या पाड्याला माहीत होतं.

या सगळ्या पूर्वजांत तिचा आवडता म्हणजे सुकलालचा आजा. त्यांना तिने स्वतः पाहिलं होतं. त्यांचा उल्लेख ती 'जुना बाबा' असा करायची. वरला माळ त्यांनीच मोकळा केला, दगड वेचून बांध घातला. त्यांच्या नावाचा वारसुद्धा ती उच्चारत नसे. त्या वारी काही काम असलं तर म्हणायची, परवा नाही, तेरवा येते. तिचा मान राखून आपणही त्यांना तूर्त जुना बाबाच म्हणू.

आता गोष्ट अशी झाली की हा वरला माळच हातचा जायची वेळ आली. चार एकर जमीन, पावसाच्या पाण्यावर ज्वारी आणि तूर. बांधावर मोहाची तीन झाडं, आणि मधल्या झाडाखाली सुकलालच्या नावाने उभा केलेला दगड. जमीन कागदावर जंगलाची. वनहक्काचा दावा एकदा टाकला होता, तो पुराव्याअभावी परत आला. आता दुसरा आणि बहुधा शेवटचा. तोही गेला तर माळावर रोपवनाचे चर खणणार, अशी बोलवा होती. कस्तुराबाईला जमिनीपेक्षा त्या दगडाची काळजी जास्त होती. स्वतःची जागाही तिने त्याच झाडाखाली मनात ठरवून टाकली होती, आणि ठरवलेली गोष्ट बदलायची तिला सवय नव्हती.

दावा तिच्या पुतण्याच्या, डोंगरसिंगच्या नावावर होता. त्याची मुलगी सुनिता जळगावला शिकून आलेली, इतिहास घेऊन बी.ए. झालेली. तिने नियम वाचून काढले. जुन्या सरकारी कागदात ज्याचं नाव आहे अशा माणसापर्यंत वंशावळ नेऊन जोडली तर तो पुरावा धरतात, आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाबही चालतो. सुनिताने वही घेतली आणि आठ दिवस कस्तुराबाईच्या ओट्यावर ठाण मांडलं.

ते आठ दिवस कस्तुराबाईच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. आजवर तिला कोणी काही विचारलंच नव्हतं, अडलं की तिच्याकडे मान वळवायचे, एवढंच. आता ही शिकलेली पोर समोर बसून तिचा शब्दन् शब्द लिहून घेत होती. कस्तुराबाई नावं सांगत नव्हतीच. खुणा सांगायची, सुनिता नाव ओळखायची. सासऱ्यांचं नाव तर सुनिताला माहीतच होतं, बुध्या. जुन्या बाबांपाशी आल्यावर कस्तुराबाई म्हणाली, ते बाजाराच्या दिवसाचे. सुनिताने मान डोलावली आणि झरझर लिहिलं. त्यांचे वडील शाळेला सुट्टी असते त्या वाराचे. सुनिताने हसून तेही लिहिलं.

पुढे तिने मोठ्या पांढऱ्या कागदावर रंगीत पेनांनी सगळी वंशावळ काढली, मोहाच्या झाडाच्या आकारात. मुळाशी जुनी माणसं, शेंड्याला पाड्यातली आजची पोरं. डोंगरसिंगने तो कागद भिंतीवर लावला. सुनिता वाचून दाखवायला लागली, पण वर सुकलालच्या नावापाशीच कस्तुराबाईने तिला थांबवलं. नवऱ्याचं नाव असं भर अंगणात मोठ्याने वाचलेलं तिला कसंसंच झालं. शिवाय तिचा मानही आडवा आला. मीच सांगितलेलं मला काय वाचून दाखवतेस, असं तिने सुनावलं. कागदावर तिचा अंगठा घेतला गेला, दावा तालुक्याला गेला, आणि ती तीन महिने पाड्यात मान ताठ करून हिंडली.

सुनावणीचा दिवस उजाडला तो उन्हाळ्यातला. डोंगरसिंग, सुनिता आणि कस्तुराबाई सकाळच्या जीपने निघाली. तिने मुलीने दिलेलं नवं लुगडं नेसलं होतं. शिरपूरकडे दिलेल्या या मुलीला तिने फोनवर कळवलं होतं की मला सरकारने बोलावलं आहे. बोलावणं डोंगरसिंगला होतं, पण एवढा फरक तिने मनावर घेतला नाही.

कचेरीत पंख्याखाली लांब टेबल. मधोमध साहेब, पन्नाशीचे, चष्मा डोक्यावर चढवलेले. बाजूला हेमलताबाई नावाच्या कारकून, फायलींच्या ढिगामागे. साहेबांनी आधी वंशावळीचं कौतुक केलं. मग एक पिवळट कागद पुढे ओढला. जंगलात वणवा अडवायला जाळरेषा काढणाऱ्या मजुरांची ती यादी होती, नव्वदएक वर्षांपूर्वीची, जुन्या दप्तरातून मागवलेली. खैरपाणीची अकरा माणसं तीत होती.

साहेब सरळ बोलणारे होते. त्यांनी सांगितलं की यादी खरी आहे, तिच्यात तुमचा माणूस सापडला तर दाव्याला चांगला आधार मिळेल. पण वंशावळीप्रमाणे त्या काळी मजुरीच्या वयाचा एकच माणूस बसतो, शुक्र्या दित्या. आणि या यादीत शुक्र्या नावाचा एकही माणूस नाही.

सुनिताचं तोंड उतरलं. डोंगरसिंगला तर नवाईतही दुसऱ्याने सांगितल्याशिवाय पणजोबाचं नाव कधी आठवत नसे, तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. कस्तुराबाई मात्र खुर्चीत पुढे सरकली. घरात ती पावरी बोलायची, पण बाजारात आयुष्य गेल्यामुळे परक्यांशी तिची भाषा अहिराणी.

"हाऊ शुक्र्या कोन शे?" तिने विचारलं. "आमना घरमा शुक्र्या नावना कोनी मानूस व्हयनाच नही."

सुनिता हलक्या आवाजात म्हणाली, "आजी, तुम्हीच सांगितलं ना, जुने बाबा बाजाराच्या दिवसाचे म्हणून? आपल्या इथला, धवळीचा बाजार शुक्रवारी असतो."

कस्तुराबाईने तिच्याकडे असं पाहिलं की शिकलेल्या पोरीला आपण पहिलीत असल्यासारखं वाटावं.

"आते भरस शुक्रवारले," ती म्हणाली. "तवय कोठे भरे?"

आणि मग सगळा उलगडा झाला. धवळीला डांबरी सडक आली त्या साली बाजाराचा वार बदलला होता. सडकेमुळे खालच्या मोठ्या गावांचे व्यापारी येऊ लागले आणि त्यांना आधीचा वार सोयीचा नव्हता. सुनिता जन्मली ती शुक्रवारच्या बाजारातच, तिच्या बापालाही जुना वार धड आठवत नव्हता. पाड्यात बाजार कोणत्या वारी असतो हे कोणी कोणाला सांगत नाही, ते सगळ्यांना माहीतच असतं. तसं ते सुनितालाही माहीत होतं, आणि म्हणूनच तिने विचारलं नव्हतं. कस्तुराबाईच्या मनातला बाजार मात्र अजून जुन्याच वारी भरत होता.

चूक कळली, पण दोघींचाही धीर खचला. सुनिताला वाटलं, आपल्या एका शब्दापायी माळ गेला. कस्तुराबाईला आठवलं की पोर वाचून दाखवत होती आणि आपणच दटावून गप्प केलं. ही गोष्ट तिने आजवर कोणाजवळ कबूल केली नाही, पण त्या घटकेला तिला स्वतःचा फार राग आला.

साहेबांनी यादी उलटी करून ठेवली. ते म्हणाले, आता कोणीही नाव बदलून सांगेल, आणि मी ते कसं मानू? तेव्हा मी यादी वाचून दाखवणार नाही. आजींनीच त्या माणसाचं नाव सांगावं.

खोलीत सगळे तिच्याकडे बघू लागले. डोंगरसिंग हात जोडल्यासारखा बसला होता. घे एकदाचं नाव, असं तो तोंडाने म्हणाला नाही, पण त्याचा चेहरा तेच म्हणत होता. कस्तुराबाईच्या डोळ्यांसमोर मधलं मोहाचं झाड आलं आणि त्याखालचा दगड आला. एक नाव, तीन अक्षरं. ती तोंड उघडायलाही तयार झाली. पण पंचावन्न वर्षं जी जीभ त्या नावापाशी वळली नव्हती ती आताही वळेना. तिने पदर तोंडाशी धरला आणि तिला त्या सगळ्या माणसांसमोर रडू येईल की काय अशी भीती वाटली.

मग तिने नवाईच्या दिवशी करायची तेच केलं. ती खुणा सांगू लागली.

पहिल्यांदा वार. ती म्हणाली, शुक्रवारच्या तीन दिवस आधीचा. साहेबांनी विचारलं, म्हणजे मंगळवार? तिने जमिनीकडे बघत मान हलवली. साहेबांनी यादी उचलून पाहिली आणि कपाळाला आठी घातली. मंगल्या आहे, ते म्हणाले, पण खैरपाणीचे दोन मंगल्या आहेत. बापाचं नाव कोणाच्याच पुढे लिहिलेलं नाही. यातला तुमचा कोणता, हे कशावरून ठरवायचं?

कस्तुराबाई आता थांबणार नव्हती. जुना बाबा उंच होता, दारातून वाकून यायचा. त्याला पोहायला येत नव्हतं. रात्रीच्या भाकरीचा तुकडा तो कुत्र्यासाठी ठेवायचा. जाळरेषेच्या कामाला तो चिंधाबरोबर जायचा, चिंधा दुसऱ्या घरातला म्हणून त्याचं नाव घ्यायला हरकत नाही. यादीत चिंधा होता, पण दोन्ही मंगल्यांच्या मधोमध, त्यामुळे त्याने काहीच ठरेना. हेमलताबाई हातातलं काम सोडून ऐकत होत्या. साहेब नाइलाजाने घड्याळाकडे बघायला लागले. तेवढ्यात कस्तुराबाईने डावा हात वर केला आणि अंगठा मुठीत दुमडला.

"त्यास्ना डावा अंगठाच नव्हता, साहेब. अस्वलनी तोडी टाका व्हता. मी लगीन करीसन उनू, तवय त्यास्नी मना डोकावर हात ठेवा, ते चारच बोटं लागनात."

साहेबांचा हात यादीवर थांबला. हेमलताबाई उठून त्यांच्या मागे आल्या. निरक्षर पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा हा कचेरीचा नियम त्या काळीही होता. अकरा माणसांपैकी दहा जणांच्या पुढे 'निशाणी डावा अंगठा' असं लिहिलं होतं. खालून तिसऱ्या ओळीत, मंगल्या या नावापुढे, कोणा कारकुनाने नीट अक्षरात लिहिलं होतं, 'निशाणी उजवा अंगठा'. हेमलताबाई म्हणाल्या की यादीची नक्कल करताना मला ते खटकलं होतं, मला वाटलं लिहिणाऱ्याची चूक असावी.

साहेबांनी कागद फिरवून कस्तुराबाईपुढे ठेवला. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण निळसर शाईचा ठसा दिसत होता, रेघांसकट. तिने बोट त्याच्या जवळ नेलं आणि मागे घेतलं. हा अंगठा तिने पाहिला होता. याच अंगठ्याने जुना बाबा तंबाखू मळायचा, नातवंडांच्या कपाळावर राख लावायचा. नव्वद वर्षं तो या कागदावर उमटून राहिला होता आणि पाड्यात कोणाला पत्ता नव्हता. तिला एवढा अभिमान वाटला की रडू आलं ते तिने पुसलंही नाही.

साहेबांनी तिचा नवा जबाब स्वतः सांगून लिहवून घेतला. बाजाराचा वार बदलल्याचा दाखला धवळीच्या ग्रामपंचायतीकडून आणायला सांगितला, आणि तो पुढल्या आठवड्यात सुनिताने आणलाही. निघताना साहेब हसून म्हणाले, "आजी, तुम्ही पहिल्यांदाच नाव घेतलं असतं तर एवढा खटाटोप झाला नसता."

कस्तुराबाई दारात थांबली.

"नाव लिधं असतं ते नावच ध्यानमा ऱ्हातं, साहेब," ती म्हणाली. "लेता येत नव्हतं, म्हनीसन आख्खा मानूस ध्यानमा ठेवना पडना."

साहेबांनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते तिला निरोप द्यायला उभे राहिले. जीपमध्ये बसल्यावर डोंगरसिंगने ही गोष्ट ड्रायव्हरला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना साहेब जिन्यापर्यंत पोचवायला आले होते.

दावा मंजूर झाल्याचा कागद पाऊस ओसरता ओसरता आला, आणि नवाई त्यानंतर महिन्याभराने. या वेळी खैरपाणीच्या त्या अंगणात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. डोंगरसिंगने धार सोडायला घेतली. सुकलाल, बुध्या, मंगल्या, दित्या, आणि त्याही मागचा सोम्या, एकदाही न अडता. मंगल्याच्या नावाला त्याने धार जरा जास्तच सोडली. बायकांच्या रांगेत कस्तुराबाई खुणा तयार ठेवून बसली होती, तिला तोंड उघडायची वेळच आली नाही. क्षणभर तिला रिकामं रिकामं वाटलं. मग तिने बघितलं की तीच नावं घेत शेजारच्या दोन पोरांचेही ओठ हलत होते.

जेवणं उरकल्यावर सुनिता वही घेऊन ओट्यावर आली. भिंतीवरचा कागद तिने नव्याने काढला होता, पण आता तिला झाडाच्या आकारावर भरवसा राहिला नव्हता. वहीत एकेका नावाला एकेक पान दिलं होतं आणि पानावर त्या माणसाची सगळी खूण लिहिली होती. पुरातले बैल, पावा, कुत्र्याची भाकरी, नसलेला अंगठा. या वेळी तिने पानन् पान वाचून दाखवलं, आणि कस्तुराबाईने सुकलालच्या नावालाही मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली.

मग सुनिताने एक कोरं पान उघडलं. वर लिहिलं, कस्तुरा.

कस्तुराबाईला अक्षर कळलं नाही. सुनिताने सांगितलं तेव्हा ती म्हणाली की माझं कशाला, मी तर बाहेरून आलेली. पण तिने वही बंद करायला सांगितलं नाही. सुनिताने विचारलं, आजी, तुमचा जन्म कोणत्या वारचा?

"बाजारना दिनना," कस्तुराबाई सवयीने म्हणाली.

सुनिताने पेन कागदावर टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"कोणत्या गावचा बाजार?" तिने विचारलं. "आणि तुम्ही जन्मला तेव्हा तो कोणत्या वारी भरायचा?"

कस्तुराबाई तिच्याकडे बघत राहिली. मग ती पाय पसरून भिंतीला टेकून नीट बसली, कारण माहेरचा बाजार शिरपूरकडचा होता आणि सांगायला वेळ लागणार होता.